तंबोरा, डग्गा अन् पाच हेडफोन

हा आपल्या ताज्या एपिसोडचा लेखी अवतार. बोलतानाचं 'अं... म्हणजे' काढून टाकलं आहे, आकडेमोड नीट मांडली आहे, बाकी बोललो तसंच ठेवलं आहे. ऑडिओत जिथे क्लिप वाजवल्या होत्या तिथे आता शब्दांवर भागवावं लागेल.

गेल्या काही महिन्यांत सगळ्यात जास्त मेसेज एकाच विषयावर आले. "भाऊ, ते सेनहायझर एचडी ६०० म्हणतात ते खरंच तसं वाजते का?" "इतके पैसे टाकायचे अन् फोनवरच ऐकायचं, मग फरक कळेल का?" एकाने तर सरळ लिहिलं, की पहिल्या पगाराचे पैसे बाजूला ठेवलेत, दोन दिवसांत सांग. प्रश्न रास्त आहे. नागपुरात सीताबर्डीवर जाऊन इयरबड ढिगाने बघता येतात, पण हे जुने नावाजलेले हेडफोन कानाला लावून, दहा मिनिटं ऐकून, मग ठरवायचं म्हटलं तर ती सोय सहजी मिळत नाही. म्हणजे न ऐकता, दुसऱ्याच्या शब्दावर, पाच आकडी रक्कम टाकायची. अन् ते शब्द कोणते, तर 'वॉर्म', 'एअरी', 'डार्क', 'म्युझिकल'. आता 'एअरी' म्हणजे नेमकं काय समजायचं, कूलर लावल्यासारखं?

तर आम्ही चार मित्रांनी आपापले हेडफोन एका खोलीत आणले. सेनहायझरचे एचडी ६०० अन् एचडी ६५०, सोनीचा एमडीआर-७५०६, बायरडायनॅमिकचा डीटी ९९० प्रो, अन् कॉसचा पोर्टा प्रो. नवीन एकही नाही. पोर्टा प्रो १९८४ चा, डीटी ९९० हे मॉडेल १९८५ चं, ७५०६ १९९१ चा, एचडी ६०० १९९७ चा अन् ६५० २००३ चा. मी सॉफ्टवेअरवाला माणूस. आमच्याकडे पाच वर्षांपूर्वीचा कोड बघून लोक नाक मुरडतात. इथे तीस-चाळीस वर्षांपूर्वीचं डिझाइन जवळपास जसंच्या तसं अजून विकलं जातं. त्याला काहीतरी कारण असणारच.

ऐकायला काय लावायचं? बहुतेक रिव्ह्यूत परदेशी जॅझ अन् रॉकची तीच ती चार गाणी असतात. आमच्यातला एक तबला शिकलेला, माझी मावसबहीण ख्याल शिकते, म्हणून आम्ही ठरवलं, की परीक्षा घेणार तंबोरा अन् तबला. मग वाचता वाचता कळलं, की या दोन वाद्यांच्या आवाजाचं विज्ञान ज्याने पहिल्यांदा नीट मांडलं तो माणूस काही काळ नागपुरातच नोकरीला होता. चंद्रशेखर व्यंकट रामन. नोबेल मिळालं १९३० साली, प्रकाशासाठी. पण त्याच्या कितीतरी आधी, १९१० च्या सुमारास, सरकारी हिशेब खात्यात असताना त्यांची बदली इथे झाली होती. पुढे कलकत्त्याला परतल्यावर त्यांनी १९२० मध्ये तबला-मृदंगावर अन् १९२१ मध्ये तंबोरा-वीणेवर लेख लिहिले. आपल्या कामाचं नेमकं त्यातच आहे.

आधी तंबोरा. तार छेडली की एकच स्वर निघत नाही. मूळ स्वर, त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट, असे वरचे स्वर सोबत निघतात. नियम असा, की तार बरोबर मधोमध छेडली तर दुप्पट, चौपट, सहापट हे सम स्वर निघायलाच नकोत, कारण त्या जागी त्या स्वरांत तार हलतच नसते. रामननी दाखवलं की तंबोरा हा नियम मोडतो. त्याची घोडी सपाट टोकदार नसते, तिला पाठीसारखा हलका उतार असतो. तार त्या उतारावर क्षणाक्षणाला टेकते अन् सुटते, अन् प्रत्येक टेकण्यात वरचे स्वर पुन्हा नव्याने जागे होतात. घोडी अन् तार यांच्यामध्ये दोरा सरकवून ते टेकणं नेमकं जागेवर आणलं की जवारी लागते. मिरजेचे कारागीर हे काम पिढ्यान्‌पिढ्या हाताने अन् कानाने करत आले आहेत. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला अन् तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं.

हेडफोनच्या परीक्षेला जवारी एवढी चांगली का? कारण एकाच तारेत खालपासून वरपर्यंत सगळं आहे. पुरुष गायक काळी एकमध्ये गातोय असं धरा. मधला सा साधारण १३८.६ हर्ट्झ. खर्जाची तार त्याच्या निम्मी, म्हणजे ६९ हर्ट्झ. पंचम १०४ हर्ट्झ. अन् जवारीची झिणझिण जाते पार काही हजार हर्ट्झपर्यंत. ही सगळी उतरंड एकमेकींत ठरलेल्या प्रमाणात असते. हेडफोनने कुठे थोडं वाढवलं किंवा खाल्लं, की तंबोऱ्याचा चेहराच बदलतो. अन् तंबोरा तासभर तेच ते वाजवतो, त्यामुळे हेडफोन बदलताना गाणं पुढे सरकलं म्हणून फरक वाटला की हेडफोनमुळे, हा घोळ होत नाही.

तबल्याचं थोडक्यात सांगतो. साध्या ढोलाच्या कातड्यातून निघणारे वरचे स्वर दुप्पट-तिप्पट असे नसतात, १.५९ पट, २.१४ पट असे वेडेवाकडे असतात, म्हणून त्यात 'सूर' लागत नाही. मधोमध शाई चढवली की ते स्वर सरकून जवळपास पूर्ण पटींवर येतात, अन् तबला सुरात बोलतो. डग्ग्यावर मात्र मनगट दाबून सरकवलं की स्वर खालून वर घसरत जातो. ती घसरगुंडी सलग ऐकू आली पाहिजे. मध्येच एखादी पायरी मोठी किंवा गायब वाटली तर हेडफोनच्या बेसमध्ये खड्डा किंवा टेकाड आहे असं समजा.

आता तुलना कशी केली ते सांगतो, कारण इथेच बहुतेक लोक फसतात. दोन हेडफोनमध्ये एक थोडा जरी मोठ्याने वाजला तरी तोच चांगला वाटतो. कान खालच्या अन् वरच्या स्वरांना हळू आवाजात कमी दाद देतो, आवाज वाढला की बेस अन् चमक आपोआप वाढल्यासारखी वाटते. बेल लॅबच्या फ्लेचर अन् मन्सन यांनी १९३३ मध्येच हे मोजून ठेवलं आहे. म्हणून पुठ्ठ्याची गोल चकती कापली, मध्ये भोक पाडून त्यात साधा डेसिबल मीटर बसवला, चकती प्रत्येक हेडफोनच्या पॅडवर दाबून धरली, अन् एकाच गुलाबी नॉइजवर सगळे एक डेसिबलच्या आत आणले. हे काही लॅबचं मोजमाप नाही, पण 'कानाला सारखं वाटलं'पेक्षा बरंच बरं. डोळे बांधूनही बघितलं, पण त्यात अर्थ नव्हता. डीटीचं मखमली पॅड अन् पोर्टा प्रोची पत्र्याची पट्टी कातडीला लगेच कळते.

आवाज कसा निघाला

एचडी ६०० वर तंबोरा सगळ्यात 'समोर बसलेला' वाटला. जवारी स्पष्ट, पण टोचत नाही. गायकाचा आवाज तर या हेडफोनची खरी जागा. वसंतराव देशपांडे यांचं बालपण आपल्या नागपुरातच गेलं, शंकरराव सप्रे गुरुजींकडे ते इथे शिकले, सिव्हिल लाइन्सच्या सभागृहाला त्यांचं नाव आहे. त्यांच्या जुन्या मैफलींच्या ध्वनिमुद्रणात तान एवढ्या वेगात येते, की साध्या इयरबडवर ती एक सलग रेघ होऊन जाते. ६०० वर त्या रेघेतले दाणे सुटे झाले. त्याच वेळी टेपची खरखर अन् मागच्या पेटीचा भाता पण ऐकू आला. काहींना हे आवडणार नाही.

पण खर्ज? तो थोडा हलका पडला. कारण सोपं आहे. हा हेडफोन मागून उघडा आहे, जाळीतून आरपार हवा जाते. सायकलच्या पंपाच्या तोंडावर बोट घट्ट धरलं तर दांडा कितीही हळू दाबा, आत दाब तयार होतो. बोट सैल धरलं तर जोरात झटका दिला तरच दाब कळतो, हळू दाबलं की हवा निघून जाते. बेस म्हणजे हळू दाबणं. बंद हेडफोनमध्ये पॅड अन् डोकं मिळून बोट घट्ट धरतात, उघड्यात ते सैल असतं. ६०० साधारण ६० हर्ट्झच्या खाली उतरायला लागतो अन् ३० पर्यंत चांगलाच खाली जातो. ६९ हर्ट्झचा खर्ज अगदी त्या कड्यावर बसला आहे.

इथे कोणी विचारेल, की मग फोनच्या बारक्या स्पीकरवर खर्ज कसा ऐकू येतो? तिथे तर १०० हर्ट्झचंही काही उरत नाही. उत्तर भारी आहे. मेंदूला १३८, २०७, २७७ असे वरचे स्वर मिळाले की त्यांच्यातलं अंतर बघून तो ६९ चा पाया स्वतः गृहीत धरतो. स्वर कळतो, वजन कळत नाही. चांगल्या हेडफोनवर ते वजन मिळतं, छातीशी तंबोरा धरल्यावर भोपळा थरथरतो त्याच्या आसपासचं काहीतरी.

एचडी ६५० बद्दल इंटरनेटवर जेवढी भांडणं आहेत तेवढा फरक नाही. ६०० च्या तुलनेत खालचा घुमारा थोडा जास्त, वरची चमक थोडी कमी. सलग दोन तास ऐकायला ६५० गोड लागला, एक तंबोरा जुळवायला ६०० बरा. दोन्हीपैकी एक घरात असेल तर दुसरा घेऊ नका, त्या पैशात पुण्याला सवाई बघून या.

डीटी ९९० प्रो वर जवारी लागताक्षणी सगळे ताठ बसले. काय चमक! जणू तंबोऱ्यात रातकिडे सोडले. खर्जही भरदार, डग्गा गुबगुबीत. पाच मिनिटं सगळ्यांना हाच आवडला. वीस मिनिटांनी दोघांनी काढून ठेवला. या हेडफोनमध्ये आठ हजार हर्ट्झच्या आसपास मोठं टेकाड आहे, अन् मधला भाग, जिथे माणसाचा आवाज असतो, तो त्या मानाने मागे. गायिकेच्या 'स', 'श', 'च'वर सुई टोचल्यासारखं होतं. आमच्याकडे याला शब्द आहे, किनरा. दुकानात पाच मिनिटं ऐकून निवडायचं झालं तर हा जिंकतो, अन् पाच मिनिटांच्या परीक्षेवर विश्वास का ठेवू नये याचं हे चांगलं उदाहरण. ज्या मित्राचा हा आहे तो यावर मिक्सिंग करतो, त्याला बारीक खटका, चुकीचा कट लगेच सापडतो, म्हणून तो खूश आहे. हत्यार कामाचं आहे, काम वेगळं आहे.

सोनी ७५०६ हा पाचांत एकटा बंद. स्टुडिओत, रेडिओत, सिनेमाच्या सेटवर साउंडवाल्यांच्या गळ्यात निळ्या पट्टीचा दिसतो तोच. डग्ग्याची घसरगुंडी यावर सगळ्यात सलग अन् खोल आली, पंपावरचं बोट घट्ट ना. वरचा भाग मात्र यातही जास्त, जवारीला थोडी धार येते, तंबोरा जरा पत्र्याचा वाटतो. अन् एक गोष्ट कोणी सांगत नाही. मला चष्मा आहे. चष्म्याची काडी पॅडखाली गेली की तिथून फट पडते, अन् बंद हेडफोनमध्ये ती फट म्हणजे बेसची गळती. चष्मा काढून ऐकलं तर डग्गा परत आला. उघड्या हेडफोनला चष्म्याने एवढा फरक पडत नाही, तो आधीच सैल आहे. चष्मेवाल्यांनी रिव्ह्यू वाचताना रिव्ह्यू करणाऱ्याला चष्मा आहे का ते बघावं, मी गंमत नाही करून राहिलो.

पोर्टा प्रो. दिसायला जुन्या वॉकमनचा, वजनाला काहीच नाही, अन् किंमत बाकीच्यांच्या पुढे किरकोळ. १०० हर्ट्झच्या आसपास फुगवटा, त्यामुळे डग्गा थोडा मिशा पिळून बसतो. जवारीवर पातळ धोतर टाकल्यासारखं वाटतं, टोकं झाकली जातात. पण तंबोऱ्याचा स्वभाव बिघडत नाही. चाळीस वर्षं हे डिझाइन टिकलं याचं आम्हाला काही आश्चर्य वाटलं नाही.

शेवटी सगळ्यांवर 'सैराट'चं पार्श्वसंगीत लावलं. अजय-अतुल यांनी २०१६ च्या या सिनेमासाठी अमेरिकेत लॉस एंजलिसजवळच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर खरा सिंफनी ऑर्केस्ट्रा बसवून रेकॉर्डिंग केलं होतं. तिथे डीटी ९९० ने मैदान मारलं, व्हायोलिनचा ताफा डोक्याबाहेर पसरला. मग झिंगाट लावलं अन् परीक्षेची शिस्त तिथेच संपली.

'फ्लॅट' म्हणजे सपाट नाही

कॉलेजात आम्हाला शिकवलं, की चांगल्या यंत्राचा फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्स सरळ रेघ. म्हणून लोकांना वाटतं, की चांगल्या हेडफोनचा आलेखही सरळ असणार. हेडफोनला हे लागू होत नाही. कानाची नळी साधारण अडीच सेंटिमीटरची, एका टोकाला पडदा, दुसरं टोक उघडं. अशी नळी तिच्या लांबीच्या चौपट तरंगलांबीला घुमते. चार गुणिले अडीच म्हणजे दहा सेंटिमीटर. आवाजाचा वेग सेकंदाला ३४३ मीटर, भागिले ०.१, आले साधारण ३४०० हर्ट्झ. म्हणजे समोर बसून कोणी गातं तेव्हा तुमचा कानच तीन हजारांच्या आसपासचा भाग वाढवून पडद्यापर्यंत नेतो, अन् जन्मापासून आपण तेच 'नैसर्गिक' म्हणून ऐकतो. हेडफोन कानावर बसला की बाहेरच्या कानाचं अन् खोलीचं काम बदलतं, म्हणून पडद्याजवळ तोच उंचवटा हेडफोनला स्वतः घडवावा लागतो. पडद्याजवळ सरळ रेघ मिळाली तर आवाज कोंदट वाटेल, तोंडावर उशी धरून गायल्यासारखा. ६०० चं नाव एवढं टिकलं त्यात हा उंचवटा बऱ्यापैकी जागेवर बसला आहे याचा मोठा वाटा आहे.

हर्मन कंपनीत शॉन ऑलिव्ह अन् टॉड वेल्टी यांनी २०१२ नंतर यावर बरंच काम केलं. त्यांनी आमच्या मखमली पॅडच्या अडचणीवर सुंदर तोड काढली. हेडफोन बदलायचेच नाहीत. एकच हेडफोन डोक्यावर, अन् इक्वलायझरने त्यात बाकीच्यांचा आवाज उभा करायचा. स्पर्श नाही, ब्रँड नाही, किंमत नाही. बहुतेकांना काय आवडलं, तर चांगल्या खोलीत चांगले स्पीकर जसे वाजतात तसं. अन् २०१७ मध्ये येरून ब्रेबार्ट यांनी २८३ हेडफोनची मोजमापं बघून सांगितलं, की किंमत अन् फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्स यांचा एकमेकांशी संबंध दिसत नाही. खिशाला हात घालण्याआधी एवढं लक्षात ठेवा.

यातून निघालेली कामाची गोष्ट म्हणजे इक्वलायझर. अँड्रॉइडवर वेव्हलेट नावाचं ॲप आहे, त्यात हजारो हेडफोनची मोजमापं भरलेली आहेत, आपलं मॉडेल निवडलं की टेकाडं-खड्डे बुजवून देतं. डीटी ९९० चं आठ हजारांचं टेकाड पाच-सहा डेसिबलने खाली आणलं अन् आमच्या दोन पळपुट्यांनी तो परत डोक्यावर चढवला. 'खरे' शौकीन इक्वलायझरला नावं ठेवतात. ठेवू द्या. इक्वलायझरने न सुटणाऱ्या गोष्टी वेगळ्या आहेत: पॅडची फट, कानाला होणारा जाच, अन् बाहेरचा गोंगाट.

फोनवर वाजेल का

वाजेल. कितपत, ते गणित बघा. साधं चांगलं डोंगल जास्तीत जास्त एक व्होल्टच्या आसपास देतं. पॉवर म्हणजे व्होल्टचा वर्ग भागिले ओहम. ६० ओहमच्या पोर्टा प्रोला मिळाले साधारण १७ मिलिवॉट, ६३ ओहमच्या ७५०६ ला १६. आमच्याकडच्या २५० ओहमच्या डीटीला ४, अन् ३०० ओहमच्या दोन्ही सेनहायझरना फक्त ३.३. नुसत्या ओहमवरून सगळं ठरत नाही, प्रत्येकाची संवेदनशीलता वेगळी, पण कल सरळ आहे. आजकालचं सिनेमाचं गाणं मुळातच ठासून मोठ्याने भरलेलं असतं, ते ६०० वर डोंगलवर मजेत वाजतं. जुनं ख्यालाचं रेकॉर्डिंग कितीतरी हळू असतं, तिथे व्हॉल्यूम शेवटच्या काडीला नेला तरी 'अजून थोडं' वाटतं. म्हणजे शास्त्रीय ऐकणाऱ्याने ६०० घेतला तर जास्त व्होल्ट देणाऱ्या डोंगलचे पैसे त्याच हिशेबात धरावेत. डीटी ९९० ३२, २५० अन् ६०० ओहममध्ये बनत आला आहे, ऑनलाइन ऑर्डर करताना आकडा नीट वाचा. मोठा आकडा म्हणजे भारी माल, असं काही नसतं.

अन् ब्लूटूथ? या पाचही हेडफोनला वायर आहे, विषय मिटला.

नवतपा अन् कूलर

आता जे कोणत्याही इंग्रजी रिव्ह्यूत सापडणार नाही ते. एचडी ६०० च्या खोक्यावर लिहिलेलं नसतं, की हा हेडफोन मे महिन्यात नागपुरात चालत नाही.

पारा ४५ वर, नवतपा सुरू, खिडकीत वाळ्याच्या ताट्यांचा कूलर फुल्ल. माझ्या खोलीत फोनच्या ॲपवर ६२ ते ६५ डेसिबल दिसतात. फोनचा माइक काही प्रमाणित नसतो, पण अंदाजाला पुरे. उघड्या हेडफोनच्या जाळीतून हा सगळा आवाज जसाच्या तसा आत येतो. जवारीची झिणझिण अन् कूलरची सळसळ एकाच पट्ट्यात बसतात, तंबोरा बुडतो. मग आपण काय करतो? व्हॉल्यूम वाढवतो. गाण्यातला हळू भाग कूलरच्या वर काढायचा म्हणजे सरासरी ८३-८६ डेसिबलपर्यंत सहज जातो, अन् कळतही नाही, कारण कूलर चालू असताना ते मोठं वाटतच नाही.

जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा मोठ्या माणसाला ८० डेसिबल, आठवड्याला ४० तास अशी आहे. दर तीन डेसिबलला वेळ निम्मा. ८३ ला २० तास, ८६ ला १०, ८९ ला फक्त ५. आपण वर्क फ्रॉम होमवाले दिवसाला सहा तास कानात काहीतरी घालून बसतो, म्हणजे पाच दिवसांचे ३० तास. ८३ लाच हिशेब चुकला. अन् कानातल्या बारीक केसांच्या पेशी एकदा गेल्या की परत येत नाहीत. आधी जातात ते वरचे स्वर, म्हणजे जी जवारी ऐकायला एवढे पैसे टाकले तीच.

म्हणून माझा सरळ सल्ला: उन्हाळ्यात ज्याची खोली कूलरवर चालते त्याने पहिला हेडफोन उघडा घेऊच नये. ७५०६ सारखा बंद हेडफोन पाण्याची अन् हवेची सळसळ बरीच कापतो, मोटारीची घरघर कमी कापतो. ती घरघर सलग अन् खालच्या पट्टीतली असते, अन् नेमकं तेच मारण्यात नॉइज कॅन्सलिंग हेडफोन हुशार असतात. आवाजाच्या गुणवत्तेत ते ६०० च्या मागे असतील, पण मे महिन्यात दुपारी त्यांच्यावर ७० डेसिबलला जे गाणं ऐकू येईल ते ६०० वर ८५ ला ऐकू येणार नाही. यात आवडीनिवडीचा संबंध नाही, ही वजाबाकी आहे. बंद हेडफोनचा त्रास एकच, कान घामाने चिंब होतात, अन् रेक्झिनचे पॅड आपल्या हवेत लवकर सोलतात. पॅड बदलून मिळतात का, हे कोणताही हेडफोन घेण्याआधी विचारा. या पाचही जुन्या मॉडेलचे मिळतात, त्यांच्या दीर्घायुष्याचं ते एक मोठं कारण आहे.

दिवाळी ते होळी, रात्री अकरानंतर, पंखा बंद, गल्लीतली कुत्रीही झोपलेली, तेव्हा ६०० काढा.

राहिली मावसबहीण. ती रियाजाला फोनवरचा तंबोरा लावते अन् आधी माझाच ७५०६ वापरायची. बंद हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज एकतर डोक्यात घुमतो किंवा बाहेरून कमी ऐकू येतो, मग माणूस नकळत जोर लावून गातो. तिच्या बाईंनी महिनाभरात ओळखलं, "गळा का ताणतेस?" रियाजाला उघडाच हेडफोन हवा, म्हणजे तंबोरा अन् आपला आवाज एकाच हवेत मिसळतात. पण त्यासाठी ६०० लागतो का? ती काळी पाचमध्ये गाते. सा २३३ हर्ट्झ, तिच्या तंबोऱ्याचा खर्ज ११६.५. हा स्वर कोणत्याही हेडफोनच्या कड्यावर नाही, भर अंगणात आहे. जोडीच्या दोन तारा जुळल्या की नाही हे त्यांच्या आवाजाच्या हेलकाव्यावरून कळतं, अन् हेलकावा महागड्या हेडफोनवरही तेवढाच असतो जेवढा स्वस्तावर. हेडफोन स्वराचा रंग बदलतो, स्वर बदलत नाही. तिने पोर्टा प्रो घेतला. उरलेले पैसे खऱ्या तंबोऱ्यासाठी मिरजेला जायचं म्हणून बाजूला टाकले आहेत, अन् त्यात मामांनी भर घालावी यासाठी आमचं घरात लॉबिंग चालू आहे.

डोंगलचे प्रश्न बरेच आलेत, पुढच्या एपिसोडमध्ये चार डोंगल शेजारी ठेवून ऐकू. तोवर तुमच्या हेडफोनवर तंबोरा कसा वाजतो ते पाठवा. 'वॉर्म' अन् 'एअरी' चालणार नाही. खणखणीत, कोंदट, घोगरा, किनरा, बसका, भरीव, यातलं काय ते सांगा.